पहिला पोपट घरी आणताना: आधी पंखा, मग खिडकी, मग पक्षी

गिरगावातल्या आमच्या चाळीत गॅलरीच्या तुळईला एक पितळी पिंजरा टांगलेला असायचा. त्यात आजोबांचा राघू. तो 'विठू विठू' म्हणायचा, पेरूची फोड एका पायात धरून खायचा, आणि जिन्यात पोस्टमनची चाहूल लागली की सगळ्या मजल्याच्या आधी ओरडायचा. पोपटांचं वेड मला त्याच्यापासून लागलं. तरी आज कोणी मला 'पहिला पोपट कुठला घेऊ?' असं विचारलं की मी त्याच्यापासूनच सुरुवात करते, कारण तसा राघू आता घरात ठेवता येत नाही आणि ठेवूही नये.

आपल्या झाडांवर थव्याने ओरडत फिरणारा हिरवा पोपट, ज्याच्या नराच्या गळ्यात काळा-गुलाबी कंठ असतो, तो कायद्याने वन्यजीव आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ मध्ये दुरुस्ती झाली आणि ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. त्यानुसार हा पोपट दुसऱ्या अनुसूचीत आहे. खांद्यावर तांबडा पट्टा असलेला मोठा 'पहाडी' आणि जांभळट डोक्याचा छोटा पोपट हेही संरक्षित आहेत. पकडणं, विकणं, विकत घेणं, पाळणं, सगळंच गुन्हा. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पण मला दंडापेक्षा दुसरी गोष्ट जास्त लागते. हे पोपट थंडीच्या अखेरीपासून झाडांच्या ढोलीत अंडी घालतात. तिथून पिसंही न फुटलेली पिल्लं काढतात, करंड्यांत कोंबतात, आणि त्यातली बरीचशी वाटेतच मरतात. जे जगतं ते तुमच्यासमोर येतं.

दुकानदार कधीकधी निळा किंवा पिवळा पोपट दाखवून 'हा रिंगनेक आहे, परदेशी आहे, चालतो' असं सांगतो. रंग वेगळा असला तरी तो त्याच जातीचा आहे, आणि कायद्याच्या यादीत जातीचं नाव असतं, रंगाचं नाही. त्या वाटेला जाऊ नका. आपला हिरवा पोपट जखमी सापडला, किंवा कोणी पिंजऱ्यात ठेवलेला दिसला, तर वनविभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर कळवा. वर्षानुवर्षं पिंजऱ्यात राहिलेला पोपट स्वतःहून खिडकीतून सोडून देऊ नका. त्याला उडायचं बळ नसतं, अन्न शोधायची सवय नसते.

मग पाळायचं काय? परदेशी मूळ असलेले, पिढ्यान्‌पिढ्या पिंजऱ्यातच जन्मलेले छोटे पोपट. पण त्यांची नावं बघायच्या आधी एक काम करा.

घरातले तास मोजा

एका कागदावर लिहा: घरात माणूस किती ते किती असतं, संध्याकाळी टीव्ही कधी बंद होतो, सकाळी पहिला दिवा कधी लागतो. मुंबईत कल्याण-डोंबिवलीहून फोर्टला जाणारी जोडी सकाळी साडेसातला दाराला कुलूप लावते आणि रात्री आठला उघडते. पोपट थव्यात राहणारा प्राणी. बारा तास एकटा बसलेला पोपट आधी ओरडतो, मग गप्प होतो, मग स्वतःचीच पिसं उपटायला लागतो. त्यातून त्याला रोज दहा-बारा तास अंधारातली झोप हवी. साडेअकरापर्यंत मालिका आणि सहाला कुकरची शिट्टी, या मधल्या वेळात ती होत नाही.

आजी-आजोबा घरी असतील, कोणी घरून काम करत असेल, तर एकटा पक्षी चालतो, तो माणसाशी पटकन जुळवून घेतो. घर दिवसभर बंद असेल तर दोन घ्या किंवा घेऊच नका. दोन असले की ते आधी एकमेकांचे होतात, तुमच्याकडे थोडे उशिरा येतात. मला यात काहीच वाईट वाटत नाही. त्यांचा दिवस भरलेला असतो.

तीन जाती, आणि ज्या पहिल्यांदा घेऊ नयेत त्या

पहिला बजरीगर, दुकानात नुसतं 'बजरी'. मुंबईत अर्धे लोक यालाच 'लव्हबर्ड' म्हणतात, आणि त्यामुळे दुकानात भलताच गोंधळ होतो. अंगावर लाटांसारख्या रेघा, लांब शेपटी, जेमतेम अठरा सेंटिमीटर लांबी आणि तीस-चाळीस ग्रॅम वजन, हा बजरी. मूळचा ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या माळरानांवरचा. त्याचा आवाज म्हणजे दिवसभराची किलबिल, शेजारी तक्रार करत नाहीत. नर शिकवल्यास शब्दही बोलतो, भरभर आणि बारीक आवाजात, कान देऊन ऐकावं लागतं. आयुष्य साधारण पाच ते दहा वर्षं. एक खोली-किचनच्या घरासाठी माझं मत नेहमी बजरीलाच.

दुसरा कॉकाटेल. हाही ऑस्ट्रेलियाचाच. डोक्यावर तुरा, गालावर नारिंगी ठिपका, वजन ऐंशी ते शंभर ग्रॅम. तुरा म्हणजे त्याचा चेहराच: घाबरला की ताठ उभा, रागावला की डोक्याला चिकटलेला, निवांत असला की मागे कललेला. महिनाभरात तो तुम्हाला वाचता येतो. नर शिट्ट्या सुरेख वाजवतो. माणसाच्या खांद्यावर बसून राहणं त्याला मनापासून आवडतं, म्हणून माझा स्वतःचा जीव यांच्यावर जास्त आहे. पण दोन गोष्टी आधीच माहीत असाव्यात. तो पंधरा-वीस वर्षं जगतो, म्हणजे आज पाचवीतल्या मुलीसाठी आणलात तर तिच्या लग्नापर्यंत तो घरात असेल. आणि त्याच्या पिसांतून पांढरी भुकटी सतत झडते. घरात दमेकरी असेल तर आधी कॉकाटेल असलेल्या एखाद्या घरी तासभर बसून या. शिंका आल्या तर विचार सोडून द्या.

तिसरा खरा लव्हबर्ड, आफ्रिकेचा, बुटक्या शेपटीचा, गुबगुबीत. दिसायला सगळ्यात देखणा, चोचीने सगळ्यात तिखट. पिंजरा हे त्याचं राज्य असतं, हात आत घातला तर चावतो. बोलत जवळजवळ नाहीच. लहान मुलं असलेल्या घरात पहिला पक्षी म्हणून मी सुचवत नाही.

सन कन्युर, आफ्रिकन ग्रे, मकाव यांचे व्हिडिओ पाहून फार जण हरखतात. सन कन्युरचं ओरडणं एकदा प्रत्यक्ष ऐका. ते अख्ख्या मजल्याला ऐकू जातं, आणि मुंबईच्या इमारतीत दोन घरांच्या खिडक्यांमध्ये चार हातांचं अंतर असतं. आफ्रिकन ग्रे चाळीस-पन्नास वर्षं जगू शकतो आणि त्याची बुद्धी लहान मुलासारखी सतत काम मागते. शिवाय या जाती वन्य जीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या सायटिस करारातल्या याद्यांमध्ये आहेत. असा पक्षी बाळगायचा तर २०२४ च्या नियमांप्रमाणे केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद करावी लागते, आणि नवा आणला तर तीस दिवसांच्या आत. बजरी, कॉकाटेल आणि गुलाबी चेहऱ्याचा लव्हबर्ड या तिघांना त्या याद्यांतून वगळलेलं आहे. पांढऱ्या कड्याच्या डोळ्यांचे फिशर्स वगैरे लव्हबर्ड मात्र यादीत येतात. पक्षी कुठलाही असो, विकणाऱ्याकडून जातीचं नाव लिहिलेली पावती घ्याच.

घर तयार करणं

आता मुख्य काम. यातलं सगळं पक्षी आणायच्या आधी व्हायला हवं.

पंखा. मुंबईत छताचा पंखा वर्षाचे दहा महिने फिरतो आणि आपल्याला तो दिसेनासा झालेला असतो. मोकळा सोडलेला पक्षी घाबरला की वर उडतो, सरळ पंख्यात. पक्षी बाहेर असताना पंखा बंद, हा नियम घरातल्या प्रत्येकाला, पाहुण्यांनाही, पाळता यायला हवा. आमच्याकडे पंख्याच्या बटणावर लाल चिकटपट्टी आहे. पक्षी बाहेर काढायच्या आधी ती बटणावर आडवी लावायची, तो आत गेला की काढायची. मे महिन्यात ही अर्धा तासाची घामाची शिक्षा वाटते. टेबलफॅन जाळीचा असला तरी तोही बंद ठेवा.

खिडकी. माझा पहिला बजरी सहाव्या दिवशी गेला. मी मुलुंडच्या घरात नवीनच राहायला आले होते, खिडकीला लोखंडी ग्रिल होतं, आणि ग्रिल आहे म्हणजे खिडकी बंद आहे असं मी धरून चालले होते. ग्रिलच्या दोन सळ्यांमधून तो सहज निघून गेला. समोरच्या आंब्यावर बसला, आणि मी हाका मारत असतानाच दोन कावळे आले. चूक पूर्णपणे माझी होती. तेव्हापासून मी कोणाच्याही घरी पक्षी बघायला गेले की आधी खिडकी बघते. ग्रिलला आतून स्टेनलेस स्टीलची बारीक जाळी ठोकून घ्या. नायलॉनची मच्छरजाळी बजरीपुढे कशीबशी टिकते, लव्हबर्ड ती तासाभरात कुरतडतो. सरकत्या काचा बंद ठेवायच्या असतील तर पडदा ओढा, कारण काच त्याला दिसत नाही आणि तो वेगाने आपटतो. बाथरूमचं दार, भरलेली बादली आणि कमोडचं झाकण हेही याच यादीत.

एवढं करूनही पक्षी उडालाच तर उपयोगी पडेल म्हणून त्याचा आवाज मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेवा. त्याचा पिंजरा गच्चीवर किंवा खिडकीत उघडा ठेवायचा, दाणे दिसतील असे ठेवायचे आणि तो आवाज लावायचा. सकाळी लवकर आणि तिन्हीसांजेला पक्षी उत्तर देतात. जोडीतला दुसरा असेल तर त्याचा बंद पिंजरा बाहेर ठेवा, पण तिथून हलू नका, कावळे आणि मांजरं टपलेली असतात.

धूर आणि वास. पक्ष्याची श्वसनसंस्था आपल्यापेक्षा फार वेगळी असते. फुप्फुसांना जोडलेल्या हवेच्या पिशव्यांमुळे हवा फुप्फुसातून एकाच दिशेने वाहते आणि तिच्यातलं आपल्यापेक्षा जास्त शोषलं जातं. उडायला ते कामाचं, पण विषारी धूरही तितक्याच झपाट्याने रक्तात जातो. नॉनस्टिक तवा गॅसवर रिकामा तापत राहिला तर त्याच्या लेपातून निघणारा वायू आपल्याला धड जाणवतही नाही, आणि शेजारच्या खोलीतला पक्षी काही मिनिटांत मरू शकतो. पोपट आणण्याआधी घरातली नॉनस्टिक भांडी देऊन टाका. बिडाचा तवा, लोखंडी कढई, स्टील. सँडविच टोस्टर आणि एअर फ्रायरलाही बहुधा तोच लेप असतो, हे विसरू नका. फोडणी देताना स्वयंपाकघराचं दार लावा, एक्झॉस्ट चालू ठेवा.

डासांची कॉइल, लिक्विड, झुरळांचा स्प्रे, रूम फ्रेशनर, कपाटातल्या डांबराच्या गोळ्या हे सगळं पक्षी असलेल्या खोलीतून बाहेर. डासांसाठी रात्री पिंजऱ्यावर कापडी मच्छरदाणी टाकावी. अगरबत्ती, धूप, कापूर यांचं मात्र घराघरात अवघड होतं, मला कल्पना आहे. आमच्याकडे देवघर हॉलमध्ये आहे, म्हणून पक्षी आतल्या खोलीत. सासूबाईंनी आरती झाल्यावर अर्धा तास खिडकी उघडी ठेवून मग आतलं दार उघडायचं, अशी रीत स्वतःच ठरवली. सोसायटीची पेस्ट कंट्रोलची नोटीस लागली, किंवा शेजारी रंगकाम निघालं, तर पक्ष्याला दोन दिवस दुसऱ्या घरी न्या.

पिंजरा, आणि रिकाम्या पिंजऱ्याचे दहा दिवस

पिंजरे क्रॉफर्ड मार्केटात रांगेने टांगलेले दिसतात, आणि त्यातले निम्मे कबुतराच्या खुराड्याएवढेही नसतात. उंची बघून भुलू नका, पोपट आडवा उडतो, त्याला रुंदी लागते. दोन बजरींसाठी निदान तीस इंच रुंद आणि अठरा इंच खोल, सळ्यांमधली फट अर्धा इंच किंवा कमी. कॉकाटेलसाठी छत्तीस बाय चोवीस इंच, फट पाऊण इंचाच्या आत. गोल घुमटाचा पिंजरा नको, त्याला कोपरा नसतो आणि घाबरलेल्या पक्ष्याला कोपरा हवा असतो. आजोबांचा पितळी पिंजरा तसाच होता, आणि तो पाहिला की आता मला त्या राघूचं वाईट वाटतं. जस्ताचा मुलामा असलेली स्वस्त जाळीही टाळा. पोपट सळ्या चोचीने चघळतो आणि जस्त पोटात जातं. पावडर कोटिंग किंवा स्टेनलेस स्टील घ्या. पिंजरा पक्ष्यापेक्षा महाग पडेल. बजरीची जोडी काहीशे रुपयांत मिळते, चांगला पिंजरा काही हजारांत.

पिंजऱ्याबरोबर मिळणाऱ्या एकसारख्या गुळगुळीत दांड्या काढून टाका. पोपटाच्या पायाला दोन बोटं पुढे आणि दोन मागे असतात, दिवसभर एकाच जाडीच्या दांडीवर बसून तळव्याला फोड येतात. पेरूची किंवा कडुलिंबाची फांदी आणा, औषध न मारलेल्या झाडाची, घासून धुवा, उन्हात कडक वाळवा. कुठे बोटाएवढी जाड, कुठे बारीक, अशी आडवीतिडवी बसवा. दाण्यापाण्याची भांडी दांडीच्या खाली नकोत, नाहीतर शीट त्यातच पडते. दुकानदार प्रेमाने एक मातीची मटकी भेट देईल. ती टांगू नका. मटकी म्हणजे घरटं, ती दिसली की मादी अंडी घालायला लागते. एकामागून एक अंडी घालून तिच्या हाडांतलं कॅल्शियम संपतं, अंडं आत अडकून मादी दगावते.

जागा: एक बाजू भिंतीला, उंची आपल्या छातीएवढी, थेट ऊन आणि एसीचा झोत दोन्ही टाळून. दिवसा गॅलरीत हवेला ठेवायला हरकत नाही, तुम्ही समोर असाल तर. रात्री कधीही नाही. पाइपवरून चढणाऱ्या घुशी-उंदरांना बजरीचा पिंजरा काही अवघड नसतो.

आता पिंजरा लावून झाला की दहा दिवस तो रिकामाच ठेवा. रोज सकाळी तळातला वर्तमानपत्राचा कागद बदला, पाणी ओता आणि पुन्हा भरा, संध्याकाळी एक तास पंखा बंद करून खोलीत बसा, आठला पिंजऱ्यावर सुती चादर टाका आणि त्या खोलीतला आवाज बंद करा. माझ्या ओळखीच्या एका घरात पाचव्या दिवशी मुलांनी कंटाळून कागद बदलणं सोडलं, आणि त्यांनी पक्षी न आणायचं ठरवलं. मला ते घर फार समजूतदार वाटतं.

पक्षी निवडताना

शक्यतो घरी पक्षी वाढवणाऱ्या माणसाकडून घ्या, जिथे आई-बाप पक्षी आणि त्यांची जागा बघता येते. दूरवर उभं राहून दहा मिनिटं नुसतं बघा. निरोगी पक्षी हलतो, खातो, एकमेकांची चोच ओढतो. पिसं फुगवून डोळे मिटून बसलेला, शेपूट श्वासाबरोबर वरखाली हलणारा, पिंजऱ्याच्या तळाशी बसलेला पक्षी कितीही कीव आली तरी घेऊ नका. मग जवळून बघा: नाकपुड्या कोरड्या, डोळे चमकदार, शेपटीखालची पिसं स्वच्छ, छातीचं हाड धारदार टोचत नाही ना.

बजरीचं वय ओळखणं सोपं आहे. पिल्लाच्या कपाळावरच्या काळ्या रेघा थेट चोचीपर्यंत येतात आणि डोळा संपूर्ण काळा असतो. तीन-चार महिन्यांनी पहिली पिसं झडली की कपाळ साफ होतं, पुढे डोळ्यात पांढरं कडं येतं. पिल्लू दोन-अडीच महिन्यांचं घ्यावं. चोचीवरचा मांसल भाग मोठ्या नरात निळा, मादीत तपकिरी किंवा फिकट पांढुरका. अगदी पांढऱ्या आणि पिवळ्या बजरींत नराचाही तो गुलाबी-जांभळाच राहतो, तिथे फसगत होते. दोन घ्यायचे तर दोन नर घ्या, सुखाने राहतात. दोन माद्या बऱ्याचदा भांडतात.

सिरिंज आणि पावडरीच्या डब्यासकट तीन आठवड्यांचं पिल्लू देऊन 'हाताने भरवा, लळा लागतो' असं सांगतात. नवख्याने ते कधीच घेऊ नये. पेज जरा गरम झाली तर गळ्याखालची अन्नाची थैली भाजते, गार राहिली तर अन्न आतच नासतं. स्वतः दाणे फोडणारं पिल्लूही प्रेमाने माणसाळतं.

पक्षी आणायच्या आधी डॉक्टर शोधून ठेवा. प्राण्यांचे सगळेच डॉक्टर पक्षी बघत नाहीत, फोन करून सरळ विचारा, 'पोपट बघता का?' परळचं बैलघोडा हॉस्पिटल मुंबईकरांना माहीत असतंच, पण अडीअडचणीला घराजवळचाही एक नंबर हवा. पहिल्या आठवड्यात पक्ष्याला आणि त्याच्या शीटेच्या नमुन्याला तिथे दाखवून आणा. घरात आधीचा पक्षी असेल तर नवा तीस दिवस वेगळ्या खोलीत.

पहिले दिवस

आणताना भोकं पाडलेला पुठ्ठ्याचा खोका किंवा छोटा प्रवासी पिंजरा, वर ओढणी. लोकलने आणायचा तर दुपारची वेळ गाठा. घरी आल्यावर पिंजऱ्यात सोडा आणि तीन दिवस त्याला एकटं राहू द्या. शेजारची मुलं बघायला येणार, त्यांना दारातून दाखवा. तो पहिल्या दिवशी काही खात नाही असं वाटेल, म्हणून आधीच्या घरी जे दाणे खात होता तेच पहिले पंधरा दिवस द्या. दाण्यांच्या भांड्यात वर टरफलंच राहतात आणि भांडं भरलेलं दिसतं. रोज फुंकर घालून बघा. भरल्या भांड्यापुढे पक्षी उपाशी राहिल्याच्या गोष्टी मी ऐकल्या आहेत.

चौथ्या दिवसापासून पिंजऱ्याजवळ बसून हळू आवाजात बोला, वाचा, भाजी निवडा. दुसऱ्या आठवड्यात राळ्याचं कणीस सळ्यांतून धरा. तो तुमच्या हातचं खाऊ लागला की दार उघडून आत धरा, मग कणीस बोटाच्या पलीकडे, म्हणजे त्याला बोटावर चढावं लागेल. काहींना चार दिवस लागतात, काहींना दोन महिने. मुठीत पकडू नका. पोपटाला छातीचा पिंजरा हलवून श्वास घ्यावा लागतो, मुठीत दाबलं तर तो गुदमरतो, आणि वरून झडप घालणारा हात त्याला घारीसारखा वाटतो. चावला तर ओरडू नका, हात झटकू नका, शांतपणे खाली ठेवा. तुमचं ओरडणं ऐकायला तो पुन्हा चावेल.

कॉकाटेल रात्री अचानक दचकून पिंजऱ्यात धडपडतात. त्यांच्या खोलीत एक मंद झिरो बल्ब ठेवा.

ताट

'पोपट म्हणजे मिरची आणि पेरू' हे आपल्या मनात पक्कं बसलेलं असतं. मिरची त्याला तिखट लागत नाही हे खरंच आहे, मिरचीतला जाळ जाणवण्याची सोयच पक्ष्यांच्या शरीरात नसते. पण मिरचीवर पोट भरत नाही. रोजचा पाया राळे, बाजरी, वरी यांचं मिश्रण, आणि पक्ष्यांसाठीच्या खाद्यगोळ्या (पेलेट्स) मिळाल्या तर हळूहळू त्यांची सवय लावा. सूर्यफुलाच्या बिया म्हणजे त्याचे फरसाण, पाच-सहा दाणे पुरेत, नाहीतर यकृतावर चरबी चढते. रोज सकाळी हिरवं काहीतरी: कोथिंबीर, मेथी, शेवग्याचा पाला, मोड आलेले मूग, किसलेलं गाजर, वाफवलेला लाल भोपळा, मक्याचं कणीस. बाजारातली पालेभाजी तीनदा पाण्यातून काढा. फळ थोडं, सफरचंदाच्या बिया काढून. समुद्रफेनाचा (कटलफिश या समुद्री प्राण्याच्या पांढऱ्या कवचाचा) तुकडा सळीला कायम अडकवलेला असावा, कॅल्शियमसाठी.

अ‍ॅव्होकॅडो, चॉकलेट, चहा, कॉफी, कांदा, लसूण, वेफर्स, शेव हे अजिबात नाही. चहात बुडवलेलं बिस्किट पाहुणे हमखास देतात. त्यांना आधीच सांगा. तोंडातला घास पक्ष्याला देणं आणि त्याच्या चोचीला तोंड लावणंही थांबवा, दोघांच्याही तब्येतीसाठी. पक्ष्यांकडून माणसाला होणारा एक जिवाणूजन्य ताप आहे, सिटॅकोसिस. तळातला कागद किंचित ओला करून मग गुंडाळा म्हणजे भुकटी उडत नाही, हात साबणाने धुवा, आणि घरात कोणाला रेंगाळणारा ताप-खोकला झाला तर डॉक्टरांना 'घरी पोपट आहे' हे सांगा.

जून ते सप्टेंबर दाण्यांना सांभाळा. मुंबईच्या दमट हवेत उघड्या पाकिटाला आठवड्यात कुबट वास येतो, त्या बुरशीने पक्ष्याची फुप्फुसं खराब होतात. पावशेर-पावशेर आणा, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, हुंगून बघा. भिजवलेलं काहीही दोन तासांत उचला. पाणी दिवसातून दोनदा बदला. आंघोळीची वाटी सकाळीच द्या, म्हणजे संध्याकाळपर्यंत पिसं वाळतात.

दिवाळीचे फटाके आणि गणपती-नवरात्रीतले ढोल व डीजे यांच्यासाठी घरातली सगळ्यात आतली खोली, बंद खिडकी, पिंजऱ्याच्या तीन बाजू झाकलेल्या आणि आत मंद दिवा. संपूर्ण अंधार नको, घाबरून आपटतो.

काट्यावरचे ग्रॅम

पोपट आजार लपवतो. थव्यात दुबळा दिसला की शिकार होतो, म्हणून तो शेवटच्या क्षणापर्यंत ताठ बसतो. आपल्याला दिसतं तेव्हा उशीर झालेला असतो. यावर माझ्याकडे एकच खात्रीचा उपाय आहे, स्वयंपाकघरातला डिजिटल वजनकाटा. दर रविवारी सकाळी उपाशीपोटी पक्ष्याला काट्यावर बसवा आणि ग्रॅम वहीत लिहा. नव्वद ग्रॅमचा कॉकाटेल ऐंशीवर आला तर तो खेळकर दिसत असला तरी त्याच दिवशी डॉक्टरकडे. शीटेत तीन भाग दिसतात: हिरवट-तपकिरी, पांढरा, आणि पाणी. त्यातला रंग किंवा प्रमाण दिवसभर बदललेलं राहिलं तर तो कागद घडी घालून बरोबर न्या. नख तुटून रक्त आलं तर कॉर्नफ्लॉर चिमटीने दाबून धरा. माणसांची औषधं, हळद-तेल, ब्रँडीचे थेंब असलं काही करू नका.

राहिला गणपतीला गावी जायचा प्रश्न. तो पक्षी आणायच्या आधीच सोडवा, कारण कोकणात जायची तिकिटं निघाली की कोणीच मोकळं नसतं. आम्ही वरच्या मजल्यावरच्या काकूंना आधी एका रविवारी पक्षी दिवसभर दिला, मग एका रात्रीसाठी, आणि मग दहा दिवस. त्यांच्याकडे पिंजऱ्यासोबत एक कागद जातो. सकाळी दोन चमचे दाणे, टरफलं फुंकून. पाणी दोनदा. मूग दहा वाजता काढून घ्यायचे. आरतीच्या वेळी आतल्या खोलीत. आठला चादर. डॉक्टरांचा नंबर. आणि सगळ्यात वर, लाल पेनाने: पंखा लावायच्या आधी पक्षी कुठे आहे ते बघा.